लिंक पाठवा, पण मुळाच्या मातीसकट



रोपवाटिकेतून कलम आणताना आपण आधी काय पाहतो? पिशवीतली माती शाबूत आहे ना, हे पाहतो. वरची पाने हिरवीगार असली, तरी मुळाची माती गळून गेलेले कलम सहसा धरत नाही. मोबाइलवरून आलेल्या बातमीचेही तसेच आहे. ती कोणी सांगितली, कधी सांगितली आणि कुठे सांगितली ही तिच्या मुळाची माती. ती गळून गेली, की उरलेली बातमी दिसते ताजी, पण कामाची राहत नाही. कधी कधी तर नुकसान करते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्याच हातून झालेली चूक सांगतो.

२०२४ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. चाकणच्या महात्मा फुले बाजारात शनिवारी मी काही कामासाठी गेलो होतो. भामा नदीकाठच्या एका गावचे ओळखीचे शेतकरी भेटले. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. त्यांनी चाळीतला निम्मा कांदा एकदम पिकअपमध्ये भरून आणला होता. उन्हाळ्यात भरलेला आणि सारा पावसाळा जपलेला तो माल. मी विचारले, "अण्णा, एवढी घाई का केली? तुम्ही तर थोडा थोडा काढणार होता."

ते म्हणाले, "साहेब, निर्यातबंदी झाली ना! ३१ मार्चपर्यंत कांदा बाहेर जाणार नाही म्हणे. तुम्हीच तर ग्रुपवर टाकलं होतं."

मी मोबाइल काढून पाहिला. खरेच होते. बातमीचे एक चित्र कोणीतरी मला पाठवले होते आणि मी गडबडीत ते गावच्या ग्रुपवर ढकलून दिले होते. चित्रात 'कांदा निर्यातबंदी, ३१ मार्चपर्यंत लागू' असे ठळक छापलेले होते. साल मात्र कुठेच नव्हते. मूळ बातमी होती डिसेंबर २०२३ ची. केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने ३१ मार्च २०२४ पर्यंत बंदी घातली होती. पुढे मुदत वाढली आणि ४ मे २०२४ रोजी बंदी उठली. १३ सप्टेंबर २०२४ ला तर किमान निर्यात मूल्याची अटही काढली गेली. म्हणजे अण्णा माल घेऊन आले, त्या दिवशी खरी परिस्थिती चित्रातल्या बातमीच्या नेमकी उलट होती.

पुढे भाव चढला की उतरला, हा प्रश्न वेगळा. अण्णांनी सहा महिने जपलेल्या मालाचा निर्णय शिळ्या बातमीवर घेतला आणि ती बातमी त्यांना माझ्याकडून मिळाली होती, हे मला लागले. त्या चित्राऐवजी मूळ बातमीची लिंक पाठवली असती, तर उघडताक्षणी वरची तारीख त्यांना दिसली असती. मलाही दिसली असती.

घरात चार मोबाइल, चार वाटा

आपल्या चाकण, निघोजे, महाळुंगे, कुरुळी भागातले घर डोळ्यांपुढे आणा. वडील शेती पाहतात. त्यांचे सारे व्हॉट्सअॅपवर. मुलगा कंपनीत पाळीवर जातो. तो बसमध्ये इन्स्टाग्राम पाहतो. सूनबाई बचत गटाच्या कामासाठी यूट्यूबवर लोणची-मसाल्यांचे व्हिडिओ बघतात. एखादा भाऊ पिंपरी-चिंचवडला राहायला गेलेला, तो फेसबुकवर. एकाच घरातली माणसे, पण बातमी यायच्या वाटा चार. मुलाने पाहिलेली ठिबकची चांगली माहिती बापापर्यंत पोचत नाही आणि बापाला आलेली खोटी बातमी तपासायला मुलाला सवड नसते.

एका वाटेवरची गोष्ट दुसऱ्या वाटेवर नीट कशी न्यावी, हे म्हणूनच घरातल्या प्रत्येकाने शिकावे. काम अवघड नाही.

लिंक म्हणजे काय?

लिंक म्हणजे पत्ता. चित्र किंवा स्क्रीनशॉट पाठवणे म्हणजे दुसऱ्याच्या शेताचा फोटो दाखवणे. लिंक पाठवणे म्हणजे 'अमुक गावी, अमुक गटात जा आणि स्वतः पाहून या' असे सांगणे. त्या पत्त्यावर गेले, की मजकूर कोणाचा, किती तारखेचा, खाली लोकांनी काय विचारले आहे, हे सारे दिसते. मूळ लिहिणाऱ्याने चूक सुधारली, तर सुधारलेला मजकूर दिसतो. चित्र मात्र एकदा काढले की तसेच राहते.

शेतीत तर तारखेला फार महत्त्व. खेड तालुक्यातच, राजगुरुनगरला, कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. तिथल्या वाणांचेच पाहा. भीमा सुपर हा मुख्यतः खरिपाचा, तर भीमा किरण रब्बीचा. जून महिन्यातला 'हे वाण लावा' असा मजकूर कोणी तारीख कापून नोव्हेंबरात फिरवला, तर मजकूर खरा असूनही सल्ला चुकीचा ठरतो. फवारणीच्या सल्ल्याचेही तेच. पीक, हंगाम आणि तारीख यांवाचून औषधाचे प्रमाण सांगणारे चित्र कधीही पुढे पाठवू नये.

कुठून कुठे कसे पाठवावे?

यूट्यूबवरून: व्हिडिओखाली 'शेअर' असे बटण असते. ते दाबून लिंक घ्यावी. लिंक हाताने टाइप करू नये. एक अक्षर चुकले किंवा मध्ये मोकळी जागा पडली, की पत्ता बिघडतो. व्हॉट्सअॅपवर लिंक चिकटवल्यावर लगेच पाठवू नका. क्षणभर थांबा. वर छोटे चित्र आणि नाव उमटते, त्यावरून समोरच्याला आत काय आहे ते कळते. व्हिडिओ वीस मिनिटांचा असेल, तर 'कामाची माहिती सातव्या मिनिटापासून' असे लिहावे. खुरपणी सोडून वीस मिनिटे पाहत बसायला कोणाला वेळ आहे?

फेसबुकवरून: येथे एक मेख आहे. पोस्टवर तारखेशेजारी बारीक चिन्ह असते. पृथ्वीचा गोल असेल, तर ती पोस्ट सर्वांसाठी खुली. दोन माणसांचे चिन्ह असेल, तर ती फक्त त्या माणसाच्या मित्रांपुरती. बंद ग्रुपमधली पोस्टही बाहेरच्याला दिसत नाही. तुम्हाला ती दिसते म्हणून इतरांना दिसेलच असे नाही. लिंक पाठवली आणि समोरच्याला कुलूप दिसले, तर उपयोग काय? तुमची स्वतःची पोस्ट असेल आणि गावाने ती वाचावी असे वाटत असेल, तर आधी ती सर्वांसाठी खुली करावी.

इन्स्टाग्रामवरून: खाते नसलेल्याने रीलची लिंक उघडली, तर पुष्कळदा आधी खाते उघडायला सांगतात. म्हणून वडिलांना रीलची लिंक पाठवताना आतली माहिती दोन ओळींत लिहून द्यावी. उलट, इन्स्टाग्रामवर आपली पोस्ट टाकताना मजकुरात लिंक लिहिली, तर ती बोटाने उघडत नाही. नुसती अक्षरे दिसतात. तेथे लिंक द्यायची तर ती स्वतःच्या ओळखीच्या जागी, म्हणजे बायोमध्ये द्यावी, नाहीतर स्टोरीवर लिंकचे स्टिकर लावावे. बचत गटाचा माल विकणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे. गिऱ्हाईक लिंकवर बोट दाबून कंटाळले, तर पुढे निघून जाते.

व्हॉट्सअॅपवरून: ग्रुपवर फिरणाऱ्या मजकुराला स्वतःचा पत्ताच नसतो. तो फेसबुकवर न्यायचा असेल, तर आधी मूळ बातमी किंवा मूळ व्हिडिओ शोधावा आणि त्याची लिंक द्यावी. मूळ सापडत नसेल, तर ते पुढे पाठवूच नये.

पाठवण्याआधी एक परीक्षा सर्वांना लागू. घरातल्या दुसऱ्या माणसाच्या मोबाइलवर लिंक पाठवून उघडून पाहावी. तिथे उघडली, तरच ग्रुपवर टाकावी. बियाणे पेरण्याआधी उगवण तपासतो, तसेच हे.

लिंकसोबत तीन ओळी

नुसती निळी लिंक कोणी उघडत नाही आणि उघडूही नये. लिंकच्या वर तीन ओळी लिहाव्यात. पहिली ओळ: आत काय आहे. दुसरी: कोणी सांगितले आणि कधीचे आहे. तिसरी: कोणाच्या कामाचे आहे. उदाहरणार्थ, 'कांदा चाळीत हवा कशी खेळती ठेवावी याचा व्हिडिओ. सांगणारे संशोधन केंद्रातले, एप्रिल महिन्यातला. ज्यांचा कांदा अजून भरायचा आहे त्यांनी पाहावा, बाकीच्यांनी नाही पाहिला तरी चालेल.'

शेवटचे वाक्य मुद्दाम लिहिले आहे. ज्याच्या कामाचे नाही त्याला तसे सांगितले, की तुमच्या शब्दाला किंमत येते. दिवसाला पंधरा लिंका टाकणाऱ्याची एकही लिंक कोणी उघडत नाही.

आणखी एक. लिंक कायमची नसते. जून २०२० च्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली आणि त्यावर आपल्या खेड्यापाड्यांतल्या पोरांनी टाकलेले व्हिडिओ एका रात्रीत दिसेनासे झाले. म्हणून कामाची माहिती वाचून झाली, की तिचे सार वहीत उतरवावे आणि तारीख घालावी.

कोणती लिंक उघडू नये?

'पीएम किसानचा हप्ता अडकला आहे, खालील फाइल उघडा' असे निरोप गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यात पुष्कळ फिरले. अशा फाइलीच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरे असतात. ती उघडली, की चोरट्याचे अॅप मोबाइलमध्ये बसते. मग तुमचे संदेश, बँकेचे ओटीपी त्याच्या हाती जातात आणि खाते रिकामे होते. सरकारी योजनेचे काम अशा फाइलीतून करू नये. केंद्र व राज्य सरकारच्या संकेतस्थळांच्या पत्त्याच्या शेवटी सहसा 'जीओव्ही डॉट आयएन' असते. दुसऱ्या कोणत्या अक्षरांनी पत्ता संपत असेल, तर सावध व्हावे. निरोप सख्ख्या भावाच्या नंबरवरून आला तरी आधी त्याला फोन करावा, कारण त्याचा मोबाइलही चोरट्याच्या ताब्यात असू शकतो. फसवणूक झालीच, तर लाजत बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

पैशाचे नुकसान भरून तरी निघते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावी बाजाराच्या दिवशी पाच भटक्या समाजाच्या माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती, एवढेच निमित्त. पोटासाठी भिक्षा मागत फिरणारी ती माणसे होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घालायचे ठरवले. पुढे २०२० साली आणखी कडक नियम आला. हातोहात पुष्कळ फिरलेल्या निरोपावर दोन बाण दिसतात आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. हे दोन बाण दिसले, की समजावे, हे रोप फार हातांतून आले आहे आणि मुळाची माती बहुधा गळून गेली आहे.

चूक झालीच तर

त्या शनिवारी मी घरी आलो आणि ग्रुपवर लिहिले: 'निर्यातबंदीचे चित्र मी पाठवले होते. ते जुने होते, डिसेंबर २०२३ चे. बंदी ४ मे २०२४ लाच उठली आहे. बंदी उठल्याची बातमी खाली देत आहे. ज्यांना मी चित्र पाठवले, त्यांची माफी मागतो.' खाली बातमीची लिंक दिली. मग चित्र पुढे पाठवणाऱ्या दोघा-तिघांना फोनही केले, कारण चूक जितकी लांब जाते, तितकी दुरुस्ती जात नाही. तिच्यामागे आपल्यालाच धावावे लागते.

कोणी हसले, कोणी गप्प राहिले. अण्णांनी काहीच लिहिले नाही. आठवड्याने त्यांचा मला निरोप आला. कांद्याच्या भावाची एक बातमी होती. चित्र नव्हते, लिंक होती. वर त्यांनी नातीकडून लिहून घेतले होते: 'साहेब, तारीख बघितली. कालचीच आहे. खरी का ते सांगा.'

मी लिंक उघडली, पाहिली आणि बाजार समितीत फोन करून विचारले. मगच उत्तर दिले.