नोड ८ ते नोड २२

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ५५ फूट ओलांडले. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. वीज परत आली तेव्हा एका दूध संस्थेचा सर्व्हर चालू केला. पाणी त्याच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं, मशीन व्यवस्थित उठलं, पण त्यावरचं एकही ॲप उठलं नाही. संकलनाची नोंद घेणारं, उत्पादकाला फॅट आणि लिटरचा एसएमएस पाठवणारं, दहा दिवसांचं बिल काढणारं, सगळी बंद. त्या उन्हाळ्यात आधी काम बघणाऱ्याने ही ॲप ज्यावर चालतात ते नोड.जेएस, म्हणजे नोड, ८ काढून १० बसवलं होतं आणि पूर येईपर्यंत कुणाची तक्रार नव्हती.

कारण पीएम-टूमध्ये होतं. बॅकग्राउंडला ॲप चालती ठेवणारा हा प्रोग्राम २०१३ पासून नोडवाल्यांच्या सोबतीला आहे. तो एकदा सुरू झाला की ज्या नोडवर सुरू झाला त्यावरच चालत राहतो. खालची फाइल डिस्कवरून काढून टाकली तरी मेमरीतला प्रोसेस मरत नाही, आणि यादीत प्रत्येक ॲपपुढे हिरव्या अक्षरांत ‘ऑनलाइन’ दिसत राहतं. शिवाय मशीन उठताना पीएम-टूला हाक मारणारी स्टार्टअप फाइल वेगळी असते. नोडच्या व्हर्जन सांभाळणाऱ्या एनव्हीएमने नोड बसवलं असेल तर त्या फाइलीत जुन्या व्हर्जनच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. फोल्डर गेलं, पत्ता तसाच राहिला. पुरात वीज गेली नसती तर हे आणखी कित्येक महिने कळलं नसतं.

नोड जुनंच ठेवावं असं तेव्हा अनेकांचं मत झालं. ते मला कधीच पटलं नाही. २०१५ मध्ये नोड ४ पासून दीर्घ मुदतीच्या व्हर्जनची पद्धत आली, आणि मुदत संपली की सुरक्षेची दुरुस्ती बंद. नोड ८ ची मुदत ३१ डिसेंबर २०१९ ला संपली. नोड १६ ची तर ओपनएसएसएलच्या जुन्या आवृत्तीमुळे अलीकडे ओढून ११ सप्टेंबर २०२३ केली गेली. शेतकऱ्याच्या पैशाचा हिशोब ज्या मशीनवर आहे, ते दुरुस्तीविना ठेवणं चुकीचंच.

पुढच्या प्रत्येक टप्प्याने वेगळा त्रास दिला. नोड १५ पासून न पकडलेलं प्रॉमिस रिजेक्शन थेट प्रोसेस पाडू लागलं. वर्षानुवर्षं फक्त इशारा छापून पुढे जाणारी ॲप एकदम कोसळू लागली, पीएम-टू त्यांना उठवत राहिला आणि यादीत रीस्टार्टचा आकडा चढत राहिला. नोड १७ पासून ‘लोकलहोस्ट’ म्हटलं की काही मशीनवर आधी आयपीव्ही६ चा पत्ता मिळू लागला. डेटाबेस फक्त १२७.०.०.१ वर ऐकत असेल तर जोडणीच नाही; अशा वेळी सेटिंगमध्ये पत्ता आकड्यांत लिहिणं हा साधा इलाज. आणि नोड १८ ची तयार फाइल सेंटओएस ७ वर चालेचना, कारण तिला जीलिबसी या सिस्टिम लायब्ररीची २.२८ आवृत्ती लागते आणि तिथे होती २.१७. तिथे नोडच्या आधी अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम बदलावी लागली.

आता माझा क्रम ठरलेला आहे. पीएम-टूची यादी सेव्ह करायची. नवं नोड जुन्याशेजारी बसवायचं, जुनं लगेच काढायचं नाही. नव्या नोडमध्ये पीएम-टू पुन्हा बसवायचा, कारण एनव्हीएममध्ये तो आपोआप येत नाही. बीक्रिप्टसारखी सी++ मधली मॉड्यूल रीबिल्ड करायची. मग पीएम-टू अपडेट, म्हणजे तो स्वतः नव्या नोडवर उठतो आणि यादीतली ॲप उठवतो. त्यानंतर जुनी स्टार्टअप फाइल रद्द करून नवी तयार करायची, आणि प्रत्येक ॲपच्या तपशिलात नोडची व्हर्जन डोळ्यांनी वाचायची.

शेवटी मशीन रीबूट करायचं. ग्राहक इथेच कचरतो, चालू मशीन कशाला बंद करता म्हणतो. दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळच्या संकलनाच्या मधली दुपार त्यासाठी मोकळी मिळते.

नोड २२ ची मुदत एप्रिल २०२७ पर्यंत आहे. शिरोली, उद्यमनगर, इचलकरंजी, जिथे कुठे तुमचं मशीन चालू असेल, पुढचा अपग्रेड पावसाळ्याआधी उरका आणि रीबूट केल्याशिवाय तिथून उठू नका.