बोलणारं यंत्र मुकं झालं तर

डोळ्यांना दिसत नाही असा माणूस कॉम्प्युटर कसा चालवतो? कानाने. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये एक वाचक बसवलेला असतो. वाचक म्हणजे माणूस नव्हे, ती यंत्राला शिकवलेली एक विद्या आहे. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते तो मोठ्याने वाचतो. एनव्हीडीए हा असाच एक वाचक. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध तरुणांनी २००६ साली त्याचं काम सुरू केलं. तो फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो. उच्चार जरा लाकडी वाटतात खरे, पण चार दिवसांत कान सरावतो.

आता समजा, एके दिवशी आवाजच गेला. डोळस माणसाच्या यंत्राचा आवाज गेला तर गाणं बंद पडतं. अंध माणसाच्या यंत्राचा गेला तर सगळं कामच थांबतं. नोकरीचा अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस असला, तर मग काय करायचं? आवाज दुरुस्त करायची जागा यंत्रातच आहे, पण ती वाचून दाखवणारा तर मुका झालेला! किल्ली आत आणि दाराला कुलूप, अशी गत.

घाबरून भराभर बटणं दाबू नका. त्याने एकाचे चार बिघाड होतात. आधी हाताने चाचपा. स्पीकरची वायर निघाली आहे का? कानाला लावायच्या हेडफोनची पिन अर्धवट बसली आहे का? पुष्कळदा दुखणं एवढंच असतं.

वायर ठीक आहे? मग एक गोष्ट ठरवायची. वाचक गप्प आहे, की सगळं यंत्रच गप्प आहे? हे ओळखायला सोपी युक्ती आहे. विंडोजवर चालणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये नॅरेटर नावाचा दुसरा वाचक आधीपासूनच असतो. विंडोज, कंट्रोल आणि एंटर ही तीन बटणं एकदम दाबा. थोडं थांबा.

नॅरेटर बोलला, तर यंत्राचा गळा शाबूत आहे. खोट एनव्हीडीएमध्ये आहे. तीच तीन बटणं पुन्हा दाबून नॅरेटर बंद करा, नाहीतर पुढे दोघं एकदम बोलतील आणि कुणाचंच कळणार नाही. मग कंट्रोल, आल्ट आणि एन दाबा. एनव्हीडीए नव्याने सुरू होतो. सुरू होताना तो बारीक सूर काढतो, तिकडे कान द्या.

कधी कधी वाचक जागा असतो, पण त्याला गप्प बसवलेलं असतं. इन्सर्ट आणि एस ही बटणं चुकून एकत्र दाबली गेली की असं होतं. उपाय तोच. इन्सर्ट धरून एस दाबा, मग बाणाचं बटण दाबून बघा. वाचू लागला नाही, तर पुन्हा तसंच करा. बोलण्याच्या तऱ्हा तीन-चार आहेत, त्यामुळे दोन-तीनदा दाबावं लागेल.

आणि नॅरेटरही बोलला नाही तर? मग यंत्राचाच आवाज बंद आहे, किंवा तो भलतीकडे जातो आहे. आवाज बंद करायचं बटण एकदाच दाबून ऐका. दोनदा दाबलं तर होतं तिथेच याल. भलतीकडे म्हणजे कसं? कॉम्प्युटरला नवा पडदा जोडला, की आवाज कधी कधी त्या पडद्याकडे वळतो. पडद्यात स्पीकर नसला तर तो ऐकू कसा येणार? घरातल्या दुसऱ्या खोलीत ब्लूटूथचा स्पीकर चालू असला, तर आवाज तिकडेही जाऊ शकतो. तो स्पीकर बंद करून बघा. पडद्याची वायर काढली तर चित्र जाईल, पण ऐकून काम करणाऱ्याचं त्याने काही अडत नाही. आवाज आला, की तो कुठे पाठवायचा ते सावकाश निवडता येतं. विंडोज ११च्या नव्या आवृत्तीत विंडोज, कंट्रोल आणि व्ही दाबलं की ती यादी उघडते.

एवढं करूनही जमलं नाही, तर शेजारच्या वाचता येणाऱ्या माणसाला हाक मारावी. उद्या अशी हाक तुम्हालाही येईल. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात स्पीकरचं लहान चित्र असतं. त्यावर फुली आहे का, ते सांगा. यादीतली नावं एकेक करून वाचून दाखवा. बटण मात्र त्यालाच दाबू द्या. तुम्ही न सांगता काही बदललंत, तर तुम्ही घरी गेल्यावर ते त्याला सापडायचं नाही.