पीएसए आणि हृदयविकार : आकडे बरोबर वाढले म्हणून?

गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरच्या परिसरात पावसाळ्यात धानाची रोवणी सुरू होते. त्याच दिवसांत रस्त्यावर छत्र्याही दिसू लागतात. छत्र्यांमुळे रोवणी होते असे कोणी म्हणत नाही, कारण दोहोंमागचा पाऊस सर्वांना दिसतो. रक्ततपासणीच्या आकड्यांमागचा 'पाऊस' मात्र चटकन दिसत नाही.

पीएसए हे पुरुषांच्या पुरःस्थ ग्रंथीत, म्हणजे प्रोस्टेटमध्ये, तयार होणारे प्रथिन. वीर्य पातळ करणे हे त्याचे काम. त्याचा अत्यल्प अंश रक्तात उतरतो. दर मिलिलिटरला 4 नॅनोग्रॅम ही मर्यादा बऱ्याच ठिकाणी धरली जाते. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. ग्रंथीच्या कर्करोगात हा आकडा वाढतो, तसाच उतारवयात ग्रंथी मोठी झाल्याने किंवा तिला जंतुसंसर्ग झाल्यानेही वाढतो.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या अरुंद झालेल्या रुग्णांत पीएसए किती असते, हेही तपासले गेले आहे. निष्कर्ष एकसारखे नाहीत. समजा, ते जास्त आढळले, तरी लगेच कार्यकारणभाव जोडता येईल काय? वयाबरोबर ग्रंथी वाढते आणि वयाबरोबरच रोहिण्यांच्या भिंतींत मेद साचत जातो. येथे वय हाच पाऊस! म्हणून तुलना समवयस्क पुरुषांचीच हवी.

औषधेही गोंधळ वाढवतात. हृदयरुग्णांना दिल्या जाणाऱ्या स्टॅटिन औषधांनी पीएसए थोडे उतरते, असे 2008 मधील एका अभ्यासात दिसले. उलट, पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील काही संप्रेरकरोधक औषधांनी हृदयविकाराचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2010 मध्ये दिला. म्हणजे येथे दुवा आहे, पण तो उपचारातून आलेला!

ट्रोपोनिनची गोष्ट वेगळी. ते हृदयस्नायूच्या पेशींत असते. पेशींना इजा झाली की ते रक्तात झिरपते. म्हणून हृदयविकाराच्या झटक्याच्या निदानात ते उपयोगी पडते. खूण आणि आजार यांमधला मार्ग येथे ठाऊक आहे.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. पहिली ते सातवीच्या मुलांची उंची आणि त्यांना पाठ असलेले पाढे यांचा आलेख काढा. उंच मुलांना जास्त पाढे येतात असे दिसेल. मग एकाच इयत्तेपुरता आलेख काढा. संबंध बहुतेक नाहीसा होईल. का, ते मुलांनाच सांगू द्या.

हा केवळ गणिताचा प्रश्न नाही. पीएसए ठीक आहे म्हणून छातीतील कळ अंगावर काढणे जिवावर बेतू शकते. अशा वेळी तडक रुग्णालयच गाठावे. आणि पीएसए वाढले म्हणून हृदयाची धास्ती न घेता, वाढीचे कारण डॉक्टरांकडून शोधून घ्यावे.