‘ओरांग’ म्हणजे संत्रा नव्हे!

आम्हां सौंसर-पांढुर्ण्याच्या मंडळींना ‘ऑरेंज’ म्हणजे बागेतला संत्रा. ओरांगउटानचा मात्र त्याच्याशी काडीचाही संबंध नाही! मलय भाषेत ‘ओरांग’ म्हणजे माणूस, ‘हुतान’ म्हणजे अरण्य. बोर्निओ-सुमात्रातील या अरण्यमानवाची मादी ७-८ वर्षांतून एकदाच विते. म्हणून घटलेली संख्या लवकर भरून निघत नाही. त्यातच पाम तेलाच्या मळ्यांसाठी तिथली अरण्ये तोडली गेली. अमेरिकेतील मॅडिसन व्होर्वा व रिअॅनन टॉमटिशेन या शाळकरी मुलींनी २००७ साली या प्राण्याचा अभ्यास आरंभला, तर त्यांच्याच गर्ल स्काउट संस्थेच्या बिस्किटांत हे तेल! मुलींनी संस्थेचा पिच्छा पुरवला. २०११ साली संस्थेने तेलाविषयी नवे धोरण जाहीर केले. पाम तेलाची आयात सर्वाधिक करतो तो आपलाच देश. हे लिहिताना मी समोरचा बिस्किटपुडा उलटून पाहिला. बारीक अक्षरांत पाम तेल होतेच.