शिट्टीच्या उतारावरून कक्षा

उपग्रह डोळ्यांना दिसत नसताना तो कुठे आहे हे जमिनीवर बसून कसं कळतं, असं एका वाचकाने विचारलं आहे. त्यासाठी रडार आहे, दुर्बिणी आहेत. पण उपग्रह स्वतः बोलत असेल तर एका रेडिओवरही भागतं. हे करून दाखवणाऱ्या दोघांची नावं मात्र आपल्याकडे फारशी कुणाच्या कानावर नाहीत.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुत्निक सोडला. वजन ८३.६ किलो, प्रक्षेपक जेमतेम एक वॅटचा. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे तरुण भौतिकशास्त्रज्ञ होते. वायफेनबाखकडे त्याच्या संशोधनासाठी २० मेगाहर्ट्झचा रिसीव्हर होताच. स्पुत्निकची ‘बीप’ नेमकी तिथेच वाजत होती.

लहान स्टेशनावर न थांबणारी एक्सप्रेस शिट्टी देत जाते, तेव्हा समोरून जाताना शिट्टीचा सूर उतरतो. फलाटाच्या कडेला उभे असाल तर तो एकदम कोसळतो. लांब शेतात असाल तर सावकाश उतरतो. म्हणजे सूर किती झपाट्याने उतरला यावरून रूळ किती दूर आहेत ते सांगता येतं. सुराचा हा बदल म्हणजे डॉप्लर परिणाम. तो शाळेत शिकवतात, पण ही गंमत तिथे सहसा राहून जाते. स्पुत्निक सेकंदाला आठ किलोमीटर धावत होता. त्यामुळे तो जवळ येताना वारंवारिता सुमारे ५०० हर्ट्झने चढायची आणि दूर जाताना तेवढीच उतरायची.

वारंवारिता वेळेनुसार कशी उतरते याच्या आलेखातला सर्वांत तीव्र उताराचा बिंदू घेऊन अंतर काढता आलं असतं. गायर आणि वायफेनबाख यांनी सगळाच आलेख कामाला लावला. एक कक्षा गृहीत धरायची, तिच्यामुळे आलेख कसा दिसेल ते गणिताने काढायचं, प्रत्यक्ष नोंदीशी ताडायचं आणि दोन्ही जुळेपर्यंत कक्षा बदलत राहायची. प्रक्षेपकाची नेमकी वारंवारिता ठाऊक नव्हती, म्हणून तीही अज्ञात राशींत घातली. एकाच ठिकाणी, काही मिनिटं ऐकलेल्या सुरातून पृथ्वीभोवतीची सबंध कक्षा हाती आली! मला ही विसाव्या शतकातली अतिशय देखणी आकडेमोड वाटते.

मार्च १९५८ मध्ये त्याच प्रयोगशाळेतल्या फ्रँक मॅक्क्लुअर यांनी प्रश्न उलटा केला: कक्षा माहीत असेल तर ऐकणारा कुठे आहे ते काढता येईल का? पोलॅरिस क्षेपणास्त्रं वाहणाऱ्या अमेरिकी पाणबुड्यांना हेच हवं होतं. त्यातून ‘ट्रान्झिट’ ही यंत्रणा उभी राहिली. ती १९६४ पासून १९९६ पर्यंत चालली.

इथेच जीपीएस जन्मला असं सर्रास लिहिलं जातं. ते अतिरंजित आहे. जीपीएसमध्ये जागा ठरते ती मुख्यतः संदेशाला पोचायला लागलेल्या वेळावरून, आणि त्यासाठी अणुघड्याळं लागली. त्या दाव्याच्या गदारोळात गायरचं पुढचं काम झाकलं जातं, याचं मला अधिक वाईट वाटतं. ट्रान्झिटच्या उपग्रहांचं भाकीत चुकू नये यासाठी पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण कुठे कमी, कुठे जास्त हे कळायला हवं होतं. १९६५ मध्ये गायर आणि रॉबर्ट न्यूटन यांनी पाच उपग्रहांच्या डॉप्लर नोंदींतून ते मांडलं. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागराची पातळी आदर्श लंबगोलापेक्षा शंभरेक मीटर खाली आहे, कारण तिथे गुरुत्व थोडं कमी पडतं. पृथ्वीजवळच्या उपग्रहाची कक्षा अचूक काढायची, तर हा खळगा आजही हिशेबात धरावा लागतो.