पाण्याचा खड्डा आणि पलीकडचा माळ
आशियाई मैदानी स्पर्धेत महाराष्ट्र

आशियाई मैदानी अजिंक्यपद स्पर्धा पहिल्यांदा भरली ती १९७३ साली, फिलिपिन्समधल्या मारिकिना इथे. अधूनमधून खंड पडला, तरी साधारणपणे दर दोन वर्षांनी ती होत आली आहे. मैदानी खेळांच्या जागतिक संघटनेने जगाचे सहा विभाग पाडले आहेत आणि प्रत्येक विभागाची स्वतःची अजिंक्यपद स्पर्धा असते. ओशनिया विभागात सामोआ, टोंगा, कुक बेटे यांसारखे पॉलिनेशियातले देश येतात. त्यांतल्या काहींची लोकसंख्या आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याइतकीही भरत नाही. तिथल्या धावपटूला ऑलिम्पिकची अंतिम फेरी फार दूरची. शेजारच्या बेटांवरच्या, आपल्याच तोलामोलाच्या धावपटूंशी होणारी शर्यत हीच त्याची खरी कसोटी ठरते. आशिया खंड अवाढव्य असला, तरी इथल्या खेळाडूलाही जिल्ह्याचे मैदान आणि ऑलिम्पिक यांच्या मधली ही पायरी लागतेच. शिवाय विभागाच्या अजिंक्यवीराला जागतिक स्पर्धेचे दार उघडते, हा लाभ वेगळाच.

भारतात ही स्पर्धा सर्वांत जास्त लक्षात राहिली ती पी. टी. उषामुळे. १९८५ साली जकार्तात तिने पाच सुवर्णपदके आणि एक कांस्यपदक मिळवले. चार वर्षांनी, १९८९ मध्ये, स्पर्धा पहिल्यांदा भारतात म्हणजे नवी दिल्लीत झाली. दुसऱ्यांदा ती भारतात आली तेव्हा यजमानपद पुण्याला मिळाले, तेही अचानक. २०१३ ची विसावी स्पर्धा खरे तर चेन्नईत व्हायची होती. श्रीलंकेचे खेळाडू येणार असतील तर स्पर्धा भरवणार नाही, अशी भूमिका तामिळनाडू सरकारने घेतली आणि चेन्नईचे यजमानपद गेले. हातात काही महिनेच उरले असताना ती जबाबदारी पुण्याने उचलली.

पुण्याकडे तयार मैदान होते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी म्हाळुंगे-बालेवाडीत श्री शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली होती. ऑक्टोबर २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धाही तिथेच झाल्या होत्या. या शहराचे धावण्याशी नाते मात्र त्याहून फार जुने. डेक्कन जिमखान्याच्या १९१९ च्या शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा थक्क झाले. त्यांच्या पुढाकाराने १९२० साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकला सहा जणांचा चमू गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. जेमतेम तयारीनिशी गेलेल्या माणसाची ही कामगिरी आज शंभर वर्षांनंतरही मोठीच म्हणावी लागते. मराठी मुलखाच्या लांब पल्ल्याच्या परंपरेचा उगम शोधायचा तर चौगुल्यांपासूनच सुरुवात करावी लागेल.

बालेवाडीची स्पर्धा ३ ते ७ जुलै २०१३ या पाच दिवसांत पार पडली. पदकतक्त्यात चीन सर्वांच्या पुढे होता. शंभर मीटरची शर्यत चीनच्याच सू बिंगत्यानने जिंकली. भारताला दोन सुवर्णपदके मिळाली. पहिले थाळीफेकीत विकास गौडाने मिळवले. दुसरे महिलांच्या चार गुणिले चारशे मीटर रिलेत आले आणि त्या चमूत निर्मला, टिंटू लुका, अनू मरियम जोस आणि एम. आर. पूवम्मा होत्या. दोनशे मीटरमध्ये आशा रॉयला रौप्य, तर द्युती चंदला कांस्यपदक मिळाले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण शर्यत होती महिलांची तीन हजार मीटर स्टीपलचेस. ती जिंकली बहरीनकडून धावणाऱ्या, केनियात जन्मलेल्या रूथ जेबेटने. तेव्हा ती अवघी सोळा वर्षांची होती. पुढे २०१६ मध्ये तिने रिओत ऑलिम्पिक सुवर्ण पटकावले आणि नंतर उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात तिच्यावर बंदीही आली. पुण्यात तिच्या मागे रौप्यपदक मिळवले सुधा सिंगने. सुधा उत्तर प्रदेशची. पण तिने धरून ठेवलेल्या या शर्यतीत पुढच्याच वर्षी एक मराठी नाव तिच्या बरोबरीला येऊन उभे राहिले.

स्टीपलचेस हा प्रकार जवळून पाहिल्याशिवाय त्याची कठीणता ध्यानात येत नाही. तीन हजार मीटरमध्ये अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा, म्हणजे एकूण पस्तीस उड्या. हर्डल्स शर्यतीतला अडथळा पाय लागला की पडतो. इथला अडथळा लाकडाच्या जाड तुळईसारखा, ऐंशी ते शंभर किलो वजनाचा, जागचा न हलणारा. गुडघा आपटला तर फुटतो गुडघाच. पुरुषांसाठी त्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, महिलांसाठी ७६.२. पाण्याचा खड्डा अडथळ्याला लागूनच सुरू होतो. तो तिथे सर्वांत खोल असतो आणि पुढे चढ घेत धावपट्टीच्या पातळीला येतो. त्यामुळे जितकी लांब उडी, तितके पाणी कमी. कसलेला धावपटू तुळईवर एक पाय टेकतो, त्याच पायाने स्वतःला पुढे ढकलतो आणि दुसरा पाय खड्ड्याच्या उथळ कडेला टाकून पळत सुटतो. दमलेल्याची उडी आखूड पडते, पाय खोल पाण्यात जातो आणि बूट जड होतात. पहिल्या दोन उड्या सगळ्यांच्याच देखण्या असतात. खरी परीक्षा सहाव्या आणि सातव्या उडीला होते.

ललिता बाबर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली, मोही गावची. माण म्हणजे दुष्काळी मुलूख. ती आधी खो-खो खेळायची. बसलेल्या जागेवरून उठता उठता वेग घेणे, क्षणात दिशा बदलणे, पायांवर भरवसा ठेवणे ही खो-खोची शिकवण स्टीपलचेसला किती जवळची आहे, हे सांगायला नको. मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे ती भारतीय महिलांत पहिली आली आणि मग स्टीपलचेसकडे वळली. २०१४ च्या इंचॉन आशियाई क्रीडा स्पर्धेत तिला कांस्यपदक मिळाले. जून २०१५ मध्ये वुहानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ९ मिनिटे ३४.१३ सेकंदांत तिने सुवर्णपदक जिंकले. दोन महिन्यांनी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत ती अंतिम फेरीत आठवी आली. रिओत पात्रता फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावे स्थान मिळवले. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला उषा अंतिम फेरीत धावली होती. त्यानंतर ऑलिम्पिकच्या धावपट्टीवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ललिता ही पहिली भारतीय महिला. वुहानचे सुवर्ण नसते, तर रिओची ती शर्यत तिला इतक्या विश्वासाने धावता आली असती का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

ललिताचे प्रशिक्षक होते बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत हिलाही त्यांचे मार्गदर्शन लाभले होते. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य आणि ग्वांगझूच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत रौप्य, असे लागोपाठचे यश मिळवणाऱ्या कविताने आदिवासी पाड्यांवरच्या मुलींना धावण्याची वाट दाखवली. महाराष्ट्राची नावे शंभर-दोनशे मीटरपेक्षा या लांब शर्यतींत जास्त दिसतात, हा योगायोग नव्हे. वेगवान धावेला लहान वयात चांगली धावपट्टी, ब्लॉक आणि बारकाईने शिकवणारा प्रशिक्षक हवा. लांब पल्ल्याची सुरुवात गावच्या रस्त्यावर, माळावर, डोंगरउतारावर होऊ शकते. माण, सावरपाडा, आष्टी या तिन्ही ठिकाणी ती तशीच झाली.

आष्टी म्हणजे बीड जिल्ह्यातला तालुका. त्यातल्या मांडवा गावच्या शेतकरी कुटुंबात अविनाश साबळेचा जन्म १९९४ चा. शाळा सहा किलोमीटर दूर. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटच्या पाचव्या तुकडीत दाखल झाला. सियाचिन, राजस्थान, सिक्कीम अशा नेमणुका झाल्या आणि २०१५ मध्ये सैन्याच्या क्रॉसकंट्री शर्यतींत तो धावू लागला. अमरीश कुमार या सैन्यातल्या प्रशिक्षकाने त्याला स्टीपलचेसकडे वळवले. या शर्यतीचा राष्ट्रीय विक्रम तेव्हा गोपाल सैनी यांच्या नावावर होता. ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांची ही वेळ त्यांनी १९८१ साली टोकियोत दिली होती. साबळेने २०१८ मध्ये भुवनेश्वरला ८ मिनिटे २९.८० सेकंदांत धावून सदतीस वर्षांचा हा विक्रम मोडला आणि मग स्वतःचेच विक्रम पुनःपुन्हा मोडत गेला. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंदांची वेळ नोंदवली. सैनींच्या वेळेत आणि या वेळेत जवळजवळ एकवीस सेकंदांचे अंतर आहे. साबळेच्या वेगाने मोजले तर ते सव्वाशे मीटरहून जास्त भरते.

आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत २०१९ साली दोहा येथे त्याला रौप्यपदक मिळाले. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या अब्राहम किबिवोटने त्याला फक्त पाच शतांश सेकंदांनी मागे टाकले. २०२३ मध्ये हांगझू आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याने ८ मिनिटे १९.५० सेकंदांत सुवर्ण जिंकले आणि पाच हजार मीटरला रौप्यही मिळवले. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला.

आशियाई अजिंक्यपदाचे सुवर्ण तेवढे राहिले होते. ते २०२५ च्या मे महिन्यात दक्षिण कोरियातल्या गुमी इथे, ८ मिनिटे २०.९२ सेकंदांत मिळाले. जपानचा युतारो निइनाए दुसरा आला. पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये या स्पर्धेतले भारताचे याआधीचे सुवर्ण दीना राम यांचे, १९८९ च्या नवी दिल्लीतले. मधली छत्तीस वर्षे ते हुलकावणी देत होते. पुढच्याच जुलैत मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या खड्ड्यापाशी साबळे कोसळला आणि त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली.