नव्या घराचा वास

तंजावरहून कुंभकोणमला आगगाडीने जाताना वाटेत पापनाशम् हे गाव लागते. कावेरीच्या खोऱ्यातील हा प्रदेश भातशेतीसाठी प्रसिद्ध आहे. नायक राजांच्या काळी, सतराव्या शतकात, बांधलेले विटांचे एक भव्य धान्यकोठार या गावात आजही उभे आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येथे ईशान्य मोसमी पाऊस पडतो आणि हवा दमट होते. ओल लागलेल्या धान्याला बुरशी येते. म्हणून धान्य साठवणाऱ्याला ओलीचा विचार करावाच लागतो. परंतु ज्या घरात आपण श्वास घेतो, त्या घराच्या ओलीचा आणि हवेचा विचार आपण तितक्याच काळजीने करतो का?

सतराव्या शतकातच व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावरला मराठी राज्य स्थापन केले. त्यामुळे या भागात मराठी भाषक कुटुंबे स्थायिक झाली. येथील जुन्या घरांना पुढे ओसरी आणि मध्ये उघडा चौक असे. महाराष्ट्रातील वाड्यांची रचनाही अशीच होती. चौकातून तापलेली हवा वर निघून जाई आणि ताजी हवा आत येई. या घरांत दोष नव्हते असे नाही. चुलीचा धूर स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या छातीत जाई. तरीही हवेला बाहेर पडण्यासाठी वाट होती.

आजच्या घरात ही वाट अरुंद झाली आहे. सिमेंटच्या भिंती, बंद खिडक्या, प्लायवूडची कपाटे आणि तेलरंग यांमुळे घर सुबक दिसते. नव्या घराचा वास अनेकांना आवडतो. मात्र त्याच घरात कोणाचे डोळे चुरचुरतात, कोणाला शिंका येतात, तर कोणाचा घसा खवखवतो.

असे का होते, हे समजण्यासाठी दोन गोष्टींतील फरक जाणून घेतला पाहिजे. पहिली गोष्ट म्हणजे दाह. तीव्र धूर किंवा रंगाची वाफ पुरेशा प्रमाणात असेल, तर तिचा त्रास कोणालाही होतो. दुसरी गोष्ट म्हणजे ॲलर्जी. एखाद्याचे शरीर एखाद्या पदार्थाला शत्रू मानू लागते आणि मग त्याचा अल्पसा अंशही त्याला सहन होत नाही. शेजारी बसलेल्या माणसाला मात्र काहीच जाणवत नाही. म्हणून ‘आम्हाला होत नाही, मग तुलाच कसे होते?’ असे रुग्णाला म्हणणे योग्य नव्हे.

बांधकाम साहित्याचेच उदाहरण घेऊ. ओल्या सिमेंटमध्ये तीव्र अल्क असते. त्याने त्वचा भाजते. शिवाय त्यात क्रोमियमचा अंश असतो. वर्षानुवर्षे उघड्या हातांनी सिमेंट कालवणाऱ्या काही गवंड्यांना त्याची ॲलर्जी जडते. हातांना कंड सुटते, कातडीला भेगा पडतात आणि प्रसंगी धंदाच सोडावा लागतो. युरोपीय संघाने २००५ पासून सिमेंटमधील या क्रोमियमवर मर्यादा घातली आहे.

प्लायवूडचे थर चिकटवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक राळांतून फॉर्मल्डिहाइड हा वायू हळूहळू बाहेर पडतो. उष्ण आणि दमट हवेत त्याचे प्रमाण वाढते. डोळे व नाक यांचा दाह करणारा हा वायू कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले. जुन्या रंगांत शिसे असू शकते व ते लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. भारतात घरगुती रंगांतील शिशावर नोव्हेंबर २०१७ पासून कडक मर्यादा लागू झाली. परंतु त्यापूर्वी रंगवलेल्या भिंती आणि दारे आजही आहेत. त्यांचा रंग कोरडा घासून काढल्यास विषारी धूळ उडते.

सारा दोष नव्या साहित्याचाच असतो असे नाही. ओलसर भिंतीवरील बुरशी, गादीतील सूक्ष्म किडे, उदबत्ती आणि डासांची अगरबत्ती यांचाही श्वासाला त्रास होतो. दारे-खिडक्या बंद करून रात्रभर अगरबत्ती जाळणे आरोग्याला हितकर नाही.

मग कारण कसे शोधावे? त्रास कोणत्या खोलीत, कोणत्या वेळी आणि कोणते काम करताना होतो, याची काही दिवस नोंद ठेवावी. घराबाहेर गेल्यावर बरे वाटते का आणि परतल्यावर त्रास पुन्हा सुरू होतो का, हे पाहावे. अशी नोंद डॉक्टरांना फार उपयोगी पडते. मात्र केवळ तिच्या आधारे स्वतःच निदान करू नये आणि चालू औषधे बंद करू नयेत.

उपाय बहुधा साधे असतात. गिलावा पूर्ण वाळल्याशिवाय रंग देऊ नये. रंगकाम झाल्यावर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवून मगच राहायला जावे. समोरासमोरच्या खिडक्या रोज उघडाव्यात. बुरशी नुसती पुसून भागत नाही. पाणी कोठून झिरपते ते शोधून गळती थांबवावी. सिमेंट हाताळताना पाणी आत न शिरणारे हातमोजे घालावेत.

घर बांधताना आपण विटा, वाळू आणि सिमेंट यांचा हिशेब मांडतो. त्या हिशेबात हवेलाही जागा द्यावी. तिला पैसे पडत नाहीत, म्हणूनच ती विसरली जाते.